शेळीची छाटणी, हत्तीची छाटणी: जेड बोन्सायच्या सल्ल्यांची एक झाडाझडती

गेल्या आषाढात बाबांचा फोन आला. "जेड गेलं," म्हणाले. चिपळूणच्या घरी पडवीत अकरा वर्षं असलेलं झाड. बाबांच्या एका सहकाऱ्याने बदली होऊन जाताना बोटभर फांदी दिली होती, तिचं हे झालेलं. निवृत्तीनंतर बाबांनी त्याचं बोन्साय करायचं मनावर घेतलं. फोनवर व्हिडिओ पाहिले, चांगली कात्री आणली आणि सांगितलं तसं सगळं केलं. खोडावरच्या खालच्या फांद्या साफ काढल्या. कापलेल्या जागांना लेप लावला. मुळं छाटून झाड उथळ कुंडीत बसवलं, वरून पाणी घातलं. निघालेल्या फांद्या फुकट जाऊ नयेत म्हणून त्याच दिवशी ओल्या मातीत खोचल्या. तीन आठवड्यांत खोड बुंध्याशी मऊ पडलं. खोचलेल्या फांद्याही एकेक करून काळ्या पडल्या.

हे सगळं सांगून झाल्यावर बाबा म्हणाले, "जाऊ दे. माझ्या हाताला गुण नाही."

झाड गेल्याचं वाईट वाटलंच, पण हे वाक्य जास्त लागलं. कारण मी पुण्यात बसून पीएच.डी. करते ती नेमकी याच विषयावर: तोडलेल्या फांदीला मुळं कशी फुटतात. माझं झाड डाळिंब आहे, जेड नाही. पण प्रश्न तोच. म्हणून बाबांनी पाहिलेले व्हिडिओ मी मागवून घेतले आणि वही घेऊन पाहायला बसले. मग त्यांच्या शेजारी दिसणारे आणखी बरेच पाहिले, मराठी आणि हिंदी. आजची पोस्ट म्हणजे त्या सल्ल्यांचं परीक्षण आहे, आणि शेवटी थोडं आम्हा संशोधकांचंही.

आधी झाड कोणतं ते तर सांगा

आपल्या नर्सऱ्यांमध्ये 'जेड' या एका नावाखाली दोन वेगळी झाडं विकतात. एक क्रॅसुला ओव्हाटा. याची पानं मोठी, जाड, चमकदार. खोड हिरवट-राखी आणि गुबगुबीत. दुसरं पोर्टुलकॅरिया आफ्रा. याची पानं बोटाच्या नखाएवढी, कोवळ्या फांद्या लालसर-तपकिरी, आणि खोड लवकर लाकडासारखं दिसायला लागतं. बोन्सायसाठी आपल्याकडे जास्त करून वापरतात ते दुसरं. बाबांचंही तेच होतं.

दोन्ही दक्षिण आफ्रिकेतली, दोन्ही पाणी साठवणारी. पण त्यांची कुळं वेगळी आहेत आणि वागणंही. क्रॅसुलाचं नुसतं पान मातीवर ठेवलं तरी त्याच्या देठाशी मुळं आणि नवं रोप येतं. त्याच कुळातली आपली पानफुटी तर नावातच हे सांगते. पोर्टुलकॅरियाच्या पानातून नवा कोंब येणं मात्र फार क्वचित; त्याची फांदीच लावावी लागते. मी पाहिलेल्या व्हिडिओंमध्ये हातात पोर्टुलकॅरिया धरून "पानापासून शेकडो रोपं" असं सांगणारे होते. प्रेक्षक महिनाभर पानं न्याहाळत बसणार आणि शेवटी स्वतःलाच दोष देणार.

"आणि हे बघा, एक महिन्यानंतर!"

या व्हिडिओंना सरसकट नावं ठेवायची माझी इच्छा नाही. त्यांनी एक मोठं काम केलंय. बोन्साय म्हणजे महागड्या शिबिरात जाऊन शिकायची गोष्ट, ही समजूत त्यांनी मोडली. हात कसे चालतात ते दिसतं. कात्री कुठे धरायची, कुंडीच्या भोकावर जाळी कशी बसवायची, हे पुस्तकातल्या चित्रापेक्षा शंभरपट चांगलं कळतं. बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा कुंडीला तार ओवली ती व्हिडिओ बघूनच.

माझी तक्रार त्यांच्या एका सवयीबद्दल आहे. फांदी मातीत खोचली, पाणी घातलं, पडदा क्षणभर काळा झाला आणि "हे बघा, एक महिन्यानंतर!" मधला महिना कुठे गेला? किती फांद्या लावल्या होत्या? किती कुजल्या? प्रयोगशाळेत मी डाळिंबाच्या कटिंगचा तक्ता भरते तेव्हा मेलेल्या कटिंगचा रकाना आधी भरायचा असतो, कारण आमच्या मार्गदर्शक बाई तोच आधी बघतात. व्हिडिओत तो रकानाच नाही. वाचलेली फांदी तेवढी कॅमेऱ्यासमोर येते, मेलेल्या कधी येत नाहीत. मग पाहणाऱ्याला वाटतं, सगळ्यांच्या लागतात, माझ्याच का नाही? "हाताला गुण नाही" या वाक्याचा जन्म त्या काळ्या पडद्यात होतो.

दुसरी गोष्ट, कारण सांगितलं जात नाही. "चोवीस तास सुकवा", "लगेच लावा", "दालचिनी लावा", "पिशवी घाला". का? कारण कळलं तर सल्ला आपल्या हवेप्रमाणे बदलता येतो. कारण न सांगता दिलेला सल्ला फक्त पाळता येतो, आणि पुण्यातल्या फेब्रुवारीत चित्रित केलेला सल्ला चिपळूणच्या आषाढात पाळला तर काय होतं ते वर सांगितलंच.

जखम सुकवायची म्हणजे काय

बटाटा लावणारे शेतकरी बेण्याचे तुकडे कापल्यावर ते सावलीत ठेवतात. कापलेल्या बाजूवर कोरडी, चिवट साल धरली की मग लावतात. तिथल्या पेशी स्वतःच्या भिंतींमध्ये सुबेरिन नावाचा मेणासारखा पदार्थ भरतात. बुचाच्या झाडाच्या सालीतही हाच असतो. पाणी आतून बाहेर जात नाही आणि बुरशी बाहेरून आत येत नाही. पुढे त्याखाली बुचासारख्या पेशींचा नवा थर तयार होतो. जेडच्या फांदीलाही हेच हवं असतं. तिच्या आत बटाट्यासारखाच पाण्याने भरलेल्या मऊ पेशींचा गर असतो आणि बुरशीला तो आयता मिळतो.

मग किती दिवस? इथे घड्याळाचा आकडा सांगणारा प्रत्येक जण थोडा चुकतो. पेन्सिलीपेक्षा बारीक फांदी कोरड्या हवेत दोन-तीन दिवसांत तयार होते. अंगठ्याएवढ्या जाड फांदीला आठवडा, कधी दोन आठवडे लागतात. कोकणच्या पावसाळ्यात हवेतच इतका ओलावा असतो की जखम सुकायच्या आत कुजायला लागू शकते. म्हणून घड्याळाऐवजी जखमेकडे बघा. कापलेला भाग आत ओढला गेलाय, बोट लावलं तर कोरडा आणि कडक लागतोय, मग लावा. "पण तोवर फांदी मरणार नाही का?" नाही. तिने पाण्याची टाकी बरोबर आणलीय. पानं थोडी सुरकुततील, घाबरू नका.

मुळांनाही हाच नियम. झाड उथळ कुंडीत हलवताना मुळं छाटली की त्या प्रत्येक टोकाला जखम असते. कोरड्या मिश्रणात बसवून आठवडाभर पाणी न घालणं बरं. बाबांनी त्याच दिवशी घातलं. व्हिडिओत तसंच दाखवलं होतं, आणि गुलाब किंवा जास्वंदीसाठी ते बरोबरही असतं.

पिशवी, लेप आणि दालचिनी

हा सगळा घोळ दुसऱ्या झाडांचे नियम जेडला लावल्यामुळे झालाय. जास्वंदीची फांदी तोडली की तिची पानं दिवसभर पर्णरंध्रांतून पाणी सोडत राहतात आणि खाली मूळ नसल्याने फांदी माना टाकते. म्हणून तिला प्लास्टिकची पिशवी.

जेडचं गणित वेगळं आहे, आणि ते उलगडण्यात भारताचा एक छोटा वाटा आहे. बेंजामिन हेन हा ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत मद्रासकडे असलेला वनस्पतिशास्त्रज्ञ. त्याने पानफुटीची पानं वेगवेगळ्या वेळी चावून पाहिली. सकाळी ती आंबट लागली, दुपारी बेचव, संध्याकाळकडे किंचित कडवट. १८१३ साली त्याने हे पत्राने लंडनला कळवलं. कारण बऱ्याच उशिरा स्पष्ट झालं. अशी झाडं रात्री पर्णरंध्रं उघडतात, कार्बन डायऑक्साइड आत घेऊन मॅलिक आम्लाच्या रूपात पेशींच्या रिक्तिकांमध्ये साठवतात आणि दिवसा दारं बंद करून ते वापरतात. या पद्धतीला नाव मिळालं क्रॅसुलाच्या कुळावरून.

पोर्टुलकॅरिया याहून लबाड आहे. पाणी भरपूर असेल तेव्हा तो साध्या झाडासारखा दिवसा दारं उघडतो. पाणी तुटलं की रात्रपाळीवर जातो. म्हणजे तोडलेली, तहानलेली फांदी आपली काळजी आपणच घेते. तिला पिशवीत कोंडलं तर फायदा फक्त बुरशीचा.

लेपाचंही तसंच. पाइन किंवा मेपलच्या जखमेवर लावायचा लेप जेडच्या ओल्या जखमेवर लावला की आतला ओलावा आत कोंडतो. उघडी ठेवा, सावलीत सुकू द्या.

आणि दालचिनी? हळद, मध, कोरफड? दालचिनीतला सिनॅमाल्डिहाइड हा घटक प्रयोगशाळेत बुरशी रोखतो हे खरं. त्यामुळे जखमेवर भुरभुरली तर बिघडणार काही नाही. पण तिला 'रूटिंग हॉर्मोन' म्हणणं चूक. मुळं फोडायला लावणारं संप्रेरक म्हणजे ऑक्झिन. १९३०च्या दशकात हे सिद्ध झालं. बाजारातल्या मुळं फुटायच्या पावडरीत त्याचाच कृत्रिम भाऊबंद असतो. माझ्या डाळिंबाला तो लागतो. जेडची निरोगी, सुकवलेली फांदी स्वतःच्या ऑक्झिनवर भागवते. ऊबदार हवेत साधारण तीन-चार आठवड्यांत मुळं धरते. पैसे पावडरीवर घालवण्याऐवजी मातीवर घाला. नर्सरीतली घट्ट लाल माती पाणी धरून ठेवते. तिच्याऐवजी विटांचे बारीक तुकडे, सिंडर किंवा जाड वाळू निम्म्याहून जास्त घ्या.

हत्ती आणि शेळी

आता या पोस्टच्या शीर्षकाकडे येते. मी पाहिलेल्या जवळपास प्रत्येक व्हिडिओत एक पायरी सारखी होती: "खालच्या सगळ्या फांद्या काढून टाका, म्हणजे झाडासारखा आकार येईल." खाली नागडं खोड, वर छत्री. पाच मिनिटांत वडाचं झाड तयार.

पोर्टुलकॅरियाचं मूळ गाव म्हणजे दक्षिण आफ्रिकेतल्या ईस्टर्न केपची काटेरी, दाट झुडपी रानं. तिथे त्याला 'स्पेकबूम' म्हणतात. आफ्रिकान्स भाषेत स्पेक म्हणजे डुकराची चरबी, बूम म्हणजे झाड. हत्तींचं हे आवडतं खाणं. अ‍ॅडो हत्ती राष्ट्रीय उद्यानात हत्ती ते खातात, शेजारच्या कुरणांत शेळ्या खातात. मग हत्तींच्या भागात ते टिकतं आणि शेळ्यांच्या भागात नाहीसं होतं, असं का? जी. सी. स्टुअर्ट-हिल यांनी १९९२ साली यावर एक निबंध प्रसिद्ध केला. तो माझ्या विषयाबाहेरचा, पण मी पुन्हा पुन्हा वाचलाय.

हत्ती वरून खातो. शेंडे मोडतो, वरच्या फांद्या ओरबाडतो. पण बुंध्याभोवती जमिनीलगत पसरलेला फांद्यांचा घेर राहतो. त्या फांद्या मातीला टेकतात, मुळं धरतात आणि झाड आडवं पसरत जातं. वरून पडलेले तुकडेही रुजू शकतात. शेळी खालून खाते. तिच्या तोंडाच्या उंचीवर असलेला तो घेर ती संपवते. उरतं काय? खाली नागडं खोड, वर छत्री. खाली सावली देणारं, मातीला टेकणारं काही उरत नाही, आणि असं झाड हळूहळू मरतं.

हे वाचल्यावर व्हिडिओतला "झाडासारखा आकार" मला वेगळाच दिसायला लागला. आपण पाच मिनिटांत जी छत्री करतो, ती त्या झाडाच्या गावी मरणाच्या वाटेवरची अवस्था आहे.

आता तुम्ही म्हणाल, कुंडी म्हणजे काही रान नाही, आणि बोन्सायला खोड दिसायलाच हवं. मान्य. कुंडीतल्या झाडाला शेळी मारत नाही. पण खालच्या फांद्यांचं काम कुंडीतही चालूच असतं. प्रत्येक फांदी साखर तयार करते आणि तिच्या खालचं खोड त्यावर जाड होतं. बुंधा रुंद आणि वर निमुळता, हे ज्या बोन्सायमध्ये आपल्याला आवडतं, ते खालच्या फांद्या वर्षानुवर्षं वाढू दिल्यामुळे येतं. बोन्सायवाले त्यांना 'सॅक्रिफाइस ब्रँच' म्हणतात, शेवटी बळी द्यायच्या म्हणून. शेवटी! पहिल्या रविवारी नव्हे. पहिल्याच दिवशी त्या काढल्या की खोड वर्षानुवर्षं काडीसारखं राहतं आणि एवढ्या जखमा एकदम भरून काढायची ताकदही झाडात राहत नाही.

शेंडा खुडल्यावर आत काय होतं

वरून छाटणं चालतं, कारण शेंडा खुडला की खालचे डोळे जागे होतात. आजी तुळशीच्या मंजिऱ्या खुडते तेव्हा हेच करते. १९३०च्या दशकात थिमन आणि स्कूग यांनी दाखवलं की शेंड्यातून खाली येणारं ऑक्झिन खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतं. शाळेत आपण हेच शिकलो. पण ऑक्झिन खोडातून तासाला साधारण एक सेंटिमीटर सरकतं, आणि दूरचे डोळे त्याआधीच हलायला लागतात. मग त्यांना निरोप कोण देतं? २०१४मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्रिस्टीन बेव्हरिज यांच्या गटाने वाटाण्यावर काम करून उत्तर दिलं: साखर. शेंडा गेला की त्याच्या वाट्याची साखर खालच्या डोळ्यांकडे वळते, तीही खूप वेगाने. शेंडा शाबूत ठेवून झाडाला साखर दिली तरी डोळे फुटले.

वाटाण्यावरून जेडवर उडी मारताना जपून, पण मला यातून एक साधा धडा दिसतो. डोळे फुटायला साखर लागते आणि साखर पानांत होते. कापाच्या खाली पानं ठेवा. पोर्टुलकॅरियाची पानं समोरासमोर जोडीने येतात. जोडीच्या वर थोडा दांडा ठेवून कापलं की दोन नव्या फांद्या मिळतात आणि तो दांडा आपोआप सुकून गळतो. वाढू द्या, पुन्हा कापा. चीनमधल्या लिंगनान परंपरेत पेनजिंगची झाडं अशीच नुसती कापून घडवतात. जेडच्या मऊ फांदीत तार पटकन रुतते, तेव्हा हीच पद्धत तिला सोसते.

आणि आम्ही?

व्हिडिओवाल्यांची झडती झाली, आता आमची. वर सांगितलेलं जवळजवळ सगळं छापून आलेलं आहे, त्यातलं बरंच माझ्या जन्माआधी. पण ते इंग्रजीत, पैसे भरून उघडणाऱ्या पानांवर, आणि अशा भाषेत की माझे बाबा सोडाच, माझ्या खोलीतल्या भौतिकशास्त्रवाल्या मैत्रिणीलाही ते झेपत नाही. दक्षिण आफ्रिकेत शेळ्यांनी उजाड केलेल्या जमिनीवर स्पेकबूमच्या फांद्या थेट खोचून रान परत आणायचे मोठे प्रयत्न झाले. किती जगल्या, थंडीने आणि प्राण्यांनी किती गेल्या, याच्या नोंदी आहेत. मेलेल्यांचा रकाना तिथे भरलेला आहे. तो रकाना चिपळूणच्या पडवीपर्यंत आणायचं काम कोणाचं होतं? व्हिडिओवाल्यांकडे भाषा आहे, कारण नाही. आमच्याकडे कारण आहे, आणि आम्ही ते सांगायला बसत नाही. मी तीन वर्षं मुळांवर काम करतेय आणि बाबांनी कात्री हातात घेण्याआधी मला एकदाही विचारलं नाही. विचारावंसं वाटेल असं मी कधी बोललेच नव्हते.

म्हणून यापुढे कुठलाही सल्ला ऐकलात, माझाही, तर तीन प्रश्न विचारा. हे नेमकं कोणत्या झाडाबद्दल आहे? कोणत्या हवेत केलं? आणि किती मेली?

होळीच्या सुमारास, हवा कोरडी आणि ऊबदार असताना, बाबांनी शेजारच्या काकूंकडून नऊ फांद्या आणल्या. मी फोनवर एवढंच म्हटलं, "बाबा, वहीत लिहा." परवा त्यांचा फोन आला. "नऊपैकी सात लागल्या."

"दोन का गेल्या?"

पानं उलटल्याचा आवाज आला. "सहा नंबरची अंगठ्याएवढी जाड होती, मी चौथ्याच दिवशी लावली. आणि आठ नंबरच्या कुंडीला भोक पाडायचं राहिलं." मग जरा थांबून म्हणाले, "खालच्या फांद्या अजून दोन वर्षं तरी ठेवायच्या ना?"

ठेवायच्या, म्हटलं.